भूषणमचं न बांधलेलं फडकं

गोदावरीच्या मुखाकडच्या आमच्या लंकपालेमात आज कोणालाही विचारा की नागभूषणम कोण होता. लोक सांगतील, "तो होय? अर्ध्या गावाची तळी मारली त्यानं." ज्यांनी त्याला धड पाहिलंही नाही तेसुद्धा असंच सांगतात, आणि मी आजवर ते ऐकून खाली मान घालून पुढे जात आलो. आता माझं वय झालं. डॉक्टरानं भात बंद केला, गोड बंद केलं, तिखट बंद करायच्या बेतात आहे. तेव्हा म्हटलं, तोंडच बंद व्हायच्या आत एवढं एक सांगून टाकावं.

माणूस दिसायला अगदीच बेताचा होता. किडकिडीत हातपाय, गुडघ्याच्या वर खोचलेली लुंगी, खांद्यावर टॉवेल, आणि नाक मात्र चेहऱ्याला न शोभणारं मोठं. कोळ्याच्या घरातला. सातवीनंतर शाळा सुटली आणि किनाऱ्यावरच्या एका प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुवायच्या कामाला लागला. अकरा वर्षं नळ्या धुतल्या. धुता धुता साहेब लोकांना विचारायचा, भिंगातून काय बघताय, पाण्यात ते काय टाकलंत. ज्यांना कंटाळा यायचा ते हाकलायचे, ज्यांना यायचा नाही ते सांगायचे. आईच्या आजारपणात गावी परतला तेव्हा त्याच्याजवळ एक जुनं सूक्ष्मदर्शक होतं, उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं. निवृत्त होताना एका म्हाताऱ्या साहेबानं दिलेलं.

आम्ही तेव्हा कोळंबी कशी पाळायचो ते ऐका, म्हणजे आमची अक्कल कळेल. तळ्यात मावतील तितकी पिल्लं सोडायची, पोत्यानं खाद्य ओतायचं, आणि मरायला लागली की औषधवाल्याला फोन. तो येऊन दहा पुड्या टाकायचा, कशाच्या ते त्यालाही ठाऊक नसायचं. दोन पिकं निघायची, तिसरं कुजायचं. मग आम्ही देवाला, सरकारला आणि शेजाऱ्याला शिव्या द्यायचो. स्वतःला सोडून सगळ्यांना.

माझी दहा एकर. आम्ही राजू, म्हणजे गावातली जमीनदार जात, म्हणून लोक मला राजूगारू, म्हणजे राजूराव, म्हणतात. असंच एक पीक कुजलेलं असताना मी बांधावर डोक्याला हात लावून बसलो होतो. हा भूषणम कुठून आला, सरळ पाण्यात उतरला, तळातून मूठभर काळा चिखल काढला आणि माझ्या नाकापुढे धरला.

"वास घ्या, राजूगारू."

"शी! दूर कर ते."

"तुम्हाला शी वाटतं. त्या बिचाऱ्या यातच जेवतात."

राग आला. मी म्हटलं, "मोठा शहाणा आहेस, तर कर बरी." तो म्हणाला, "करतो. पण दहातली तीन एकर मला द्या." मी हसलोच. म्हटलं, "जावयानंही इतकं मागितलं नसतं रे." त्याला जमीन नको होती. त्या तीन एकरांत कोळंबी न टाकता नुसते मासे सोडायचे, असं त्याचं म्हणणं. कोळंबीच्या तळ्यातलं घाण पाणी आधी माशांच्या तळ्यात न्यायचं. मासे त्यातलं खरकटं, शेवाळ खातात, गाळ खाली बसतो, आणि तेच पाणी निवळून परत कोळंबीला. कालव्याचं पाणी लागेल तेव्हाच, तेही आठ दिवस साठवून, त्यातले जंतू मारून मग घ्यायचं. "पाणी विकत आणल्यासारखं वापरा," म्हणायचा. तीन एकर रिकामी ठेवायची म्हणून मी महिनाभर कुरकुर केली. पहिलं पीक निघालं आणि माझी कुरकुर थांबली. सात एकरांत मी दहा एकरांहून जास्त कोळंबी काढली, आणि एक पुडी औषध न टाकता.

त्याचं काम बघण्यासारखं होतं. प्रत्येक तळ्यात जाळीच्या चार थाळ्या दोरीनं सोडलेल्या असत. खाद्य टाकलं की थोडं त्या थाळ्यांत, आणि दोन तासांनी थाळी वर. खाद्य उरलंय का, किती उरलंय, हे तर कोणीही बघेल. हा एकेक कोळंबी उचलून उजेडात धरायचा. पाठीतून आतड्याची रेघ सलग, तपकिरी दिसली की पोट भरलंय. रेघ तुटक असली की मान हलवायचा आणि पुढचं खाद्य अर्धं करायचा. अमावास्या-पुनवेला कोळंबी कात टाकते, तेव्हा ती जेवत नाही, दमलेली असते. त्या दोन दिवसांत तो पाणी घुसळणारी चाकं वाढवायचा आणि खाद्याला हात लावू द्यायचा नाही. तळ्यात अनवाणी चालून, तळव्याला मऊ कुठं लागतं ते बघून चाकांची तोंडं फिरवायचा, म्हणजे सगळी घाण मधोमध जमावी आणि तिथल्या नळीवाटे बाहेर पडावी. पिंपात गूळ आणि भाताचा कोंडा आंबवून ते पाणी तळ्यात शिंपडायचा. गुळावर चांगले जंतू पोसले की वाईटांना जागा उरत नाही, असं तो सांगायचा. माझी बायको सीतामहालक्ष्मी म्हणायची, "आमच्या देवाला इतका गूळ मिळत नाही." आणि दर पिकानंतर तळं आटवून, भेगा पडेपर्यंत उन्हात टाकायचं. त्यात सूट नाही.

गावात सगळ्यांत मन लावून शिकली ती मंगतायारु. माझ्या चुलत भावाची विधवा, मी तिला वहिनी म्हणतो, ती मला सोमराजू भावजी. नवरा गेला तेव्हा दिरांनी ठरवूनच टाकलं होतं की तिचं चार एकरांचं तळं आता आपण बघायचं. ही पदर खोचून उभी राहिली, "माझं मी बघेन." दीर हसले. भूषणमनं तिला थाळी वाचायला शिकवली, भिंगातून बघायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी ती माझ्यापेक्षा चांगली थाळी वाचायची. भूषणम मला हिणवायचा, "राजूगारू, तुम्ही थाळीत कोळंबी बघता. अम्मा कोळंबीचं पोट बघतात."

आता फडक्याची गोष्ट. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला की तळं सात-आठ दिवसांत संपतं, आणि एका तळ्यापुरता तो कधी राहत नाही. आमच्याकडे रीत अशी होती की ज्याच्या तळ्यात रोग आला तो बोलायचा नाही. गुपचूप कोळंबी काढायची, विकायची आणि पाणी कालव्यात सोडून द्यायचं. मग खालचा मरायचा. पुढच्या वर्षी खालचा गप्प बसायचा आणि वरचा मरायचा. भूषणमनं बावीस तळ्यांच्या मालकांना गावदेवीच्या, अम्मवारूच्या देवळात बसवलं आणि म्हणाला, "ज्या तळ्याचा संशय येईल त्याच्या पाण्याच्या फाटकावर तांबडं फडकं बांधायचं. फडकं दिसलं की सगळ्यांनी आपली फाटकं लावायची. त्या तळ्याची जाळी, टोपली, कोळंबी, काही म्हणजे काही दुसऱ्या पाण्याजवळ न्यायचं नाही. खात्री व्हायची वाट बघायची नाही. खात्री होते तोवर उशीर झालेला असतो."

लोक कुरबुरले. फडकं लागलं की व्यापारी भाव पाडणार, चारचौघांत नाव खराब होणार. शेवटी मी उठलो आणि पहिली शपथ मी घेतली. खोटं कशाला बोलू, मला पुढारपणाची हौस होती. फडकं बांधायचा अधिकार एकट्या भूषणमला दिला. तो कोणाचा सगा नव्हता, त्याचं स्वतःचं तळं नव्हतं, म्हणून सगळ्यांचा त्याच्यावर विश्वास. सहा वर्षांत त्यानं नऊ वेळा फडकं बांधलं. चार वेळा काहीच निघालं नाही, लोकांनी त्याची टिंगल केली. पाच वेळा ते एकेकच तळं गेलं, शेजारचं एकही नाही. आमच्या वरच्या-खालच्या गावांत तळी ओस पडत होती आणि लंकपालेममध्ये दर वर्षी पीक निघत होतं. लांबलांबून लोक बघायला यायचे. मी त्यांना चहा पाजून सांगायचो, "आमची पद्धत." आमची! भूषणम शेजारीच उभा असायचा.

हिवाळ्यातलं पीक त्याला आवडत नसे. थंडीत पाणी गार पडतं आणि तो रोग गारव्यातच डोकं वर काढतो. पण त्या वर्षी मी हट्टानं घेतलं, आणि मी घेतलं म्हणून इतरांनी घेतलं. माझ्या मुलीचं, रमादेवीचं, लग्न झालं होतं आणि जावयाची पहिली संक्रांत होती. आमच्या गोदावरीकाठी जावयाची पहिली संक्रांत म्हणजे काय, हे मी काय सांगावं. भोगी, संक्रांत, कनुमा असे तीन दिवस त्याच्यापुढे इतकी ताटं मांडतात की बिचाऱ्याला मोजताना घाम फुटतो. आणि माझे व्याही साधे नव्हते. विजयराम राजू, बर्फाचे दोन कारखाने, आणि मूळ धंदा कोळंबीच्या खरेदीचा. त्यांना भरलेली तळी दाखवायची, हा माझा सगळा बेत.

भोगीच्या सकाळी अंगणात आमच्याकडे त्या दिवशी करतात ती होळी पेटलेली, पाहुण्यांची गाडी वेशीत आल्याचा निरोप आलेला, आणि भूषणम मागच्या दारी येऊन उभा राहिला. हातात ओली थाळी. थाळीत चार कोळंबी. मला बाजूला घेतलं, एका कोळंबीच्या डोक्यावरचं कवच नखानं सोलून उजेडात धरलं. कवचावर मिठाच्या कणांएवढे ठिपके होते.

"तीन नंबरचं तळं," तो म्हणाला. "काठाला आल्यात. दोन दिवस जेवण कमी होतं, मला वाटलं थंडीमुळे. फडकं घेऊन आलोय."

तळं जाईल हे मला त्या क्षणी सुचलंच नाही. मला सुचलं ते एवढंच, की रस्त्यावरून आत येताना पहिलं फाटक तीन नंबरचं.

"भूषणम, आज नको."

"राजूगारू..."

"कनुमा होऊ दे. तीन दिवस. फाटक मी स्वतः कुलूप लावून ठेवतो. थेंब बाहेर जाणार नाही."

"संशय आला की बांधायचं असं ठरलंय. पहिली शपथ तुमचीच आहे."

"खात्री आहे का तुझी? चार वेळा चुकलायस. पाचव्यांदा चुकलास तर? माझ्या व्याह्याच्या तोंडावर? सणाच्या दिवशी?"

"चुकलो तर माझी टिंगल होईल. ती होतेच आहे."

तो ऐकत नव्हता. मग मी ते बोललो, जे आजही आठवलं की घास खाली उतरत नाही. म्हणालो, "तुझ्या मुलीच्या लग्नात तिच्या सासरचे मांडवातून उठून चालले होते, तेव्हा त्यांच्या पाया कोण पडलं होतं रे? मी पडलो होतो. राजूंच्या घरातला असून कोळ्यांच्या पाया पडलो होतो. आणि माझ्या मुलीच्या पहिल्या सणाला तुझ्याच्यानं तीन दिवस दम धरवत नाही?"

ते खरं होतं. मी पडलो होतो पाया, आणि मनापासून पडलो होतो. चांगलं काम करून ठेवावं आणि नंतर त्याचा असा चाबूक करावा, म्हणजे माझी धन्यच. भूषणमनं माझ्याकडे पाहिलं नाही. फडक्याची घडी घातली, टॉवेलखाली खांद्यावर ठेवली आणि म्हणाला, "फाटक उघडू देऊ नका. जाळं त्या तळ्यात टाकू देऊ नका." आणि गेला. पुढून गाडीचा भोंगा ऐकू आला.

दोन दिवस थाटात गेले. व्याही तळ्यांवरून फिरले, "वा, वा" म्हणाले. तीन नंबरच्या तळ्यावर मी त्यांना नेलं नाही, तिकडे चिखल आहे म्हणालो. जावई कागदासारख्या पातळ, गोड पूतरेकुलु खाऊन खाऊन रडकुंडीला आला, मुली त्याची चेष्टा करत होत्या. मी हसत होतो. भूषणम रोज मागच्या दारी येऊन नुसता उभा राहायचा. मी मान हलवली की जायचा. त्याला घरात बसवून घेणंसुद्धा मला सुचलं नाही.

कनुमा म्हणजे आमच्याकडे सामिष जेवणाचा दिवस. त्या दिवशी सकाळी आमच्या घरून पाच घरी ताजी कोळंबी जाते. माझ्या आईच्या वेळेपासूनची रीत, तेव्हा खाडीतली जायची, आता तळ्यातली. सीतामहालक्ष्मीला मी काही सांगितलं नव्हतं. बायकोला सांगितलं तर तिच्या चेहऱ्यावर दिसेल, ही माझी भीती. तिनं गड्याला जाळं घेऊन पाठवलं. गडी गेला घराजवळच्या तळ्यावर. घराजवळचं म्हणजे तीन नंबरचं.

मी आंघोळ करून बाहेर आलो तेव्हा अंगणात पाच टोपल्या मांडलेल्या होत्या. केळीच्या पानांवर कोळंबी, वर हळदी-कुंकवाचं बोट. अजून एकही टोपली निघाली नव्हती. हे नीट ऐका, कारण सगळं इथंच आहे. टोपल्या मी पाहिल्या. कोणत्या तळ्यातली ते गड्याच्या पायांवरच्या ओल्या चिखलावरून आणि तो आला त्या वाटेवरून मला कळलं. ओसरीवर व्याही पेपर वाचत बसले होते. ते म्हणाले, "वा, राजूगारू, तुमच्याकडे अजून ही पद्धत आहे. आमच्या गावातून गेली." मला फक्त म्हणायचं होतं, "आज नको पाठवू." तीन शब्द. मी म्हणालो, "हो, आम्ही जुनी माणसं." आणि टोपल्या गेल्या.

दुपारी भूषणम मंगतायारुच्या तळ्यावरून जात होता. ती तळ्याच्या पायरीवर बसून कोळंबी सोलत होती. डोकी, कवचं पाण्यात, धुणंही त्याच पाण्यात. तिला काय माहीत. माझ्या फाटकावर फडकं नव्हतं, आणि फडकं नाही म्हणजे ती कोळंबी चांगली, एवढा साधा हिशेब तिला त्यानंच शिकवला होता. त्यानं विचारलं, "ही कुठली, अम्मा?" ती म्हणाली, "सोमराजू भावजींकडची. थांब, तुलाही वाटी देते."

तो थांबला नाही. तसाच पळत आला आणि आम्ही सगळे पानावर बसलेलो असताना, समोर दिसणाऱ्या फाटकावर त्यानं फडकं बांधलं. व्याह्यांचा हात घासावरच थांबला. त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती, त्यांच्या धंद्यातल्या सगळ्यांना ते फडकं माहीत होतं. "हे काय?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "आत्ताच लक्षात आलेलं दिसतंय त्याच्या." माझ्या तोंडातून किती सहज निघालं ते.

पाचातली चार घरं तळ्यांची होती. आठ दिवसांत ती चारही तळी गेली. त्यांचं बघून घाबरलेल्या कोणी तरी पाणी कालव्यात सोडलं, आणि महिना संपेपर्यंत बावीसपैकी अकरा तळी पांढरी पडली. मंगतायारुचं पीक सहा दिवसांनी काढायचं होतं. तिनं दिरांना सांगून ठेवलं होतं, "या वर्षीचं बघा आणि मग बोला." दीर आले, त्यांनी बघितलं, आणि तळं आपल्या ताब्यात घेतलं. तिच्या बाजूनं बोलायला तिच्याकडेही काही उरलं नव्हतं.

देवळात बैठक भरली. सगळ्यांत वडील म्हणजे सुब्बारायुडू तात, सगळ्या गावाचे आजोबा, ऐंशीचे. त्यांनी भूषणमला उभं केलं.

"तुला कधी कळलं?"

तो म्हणाला असता की कनुमाच्या दुपारी, तर कोण तपासणार होतं? त्यानं सांगितलं, "भोगीच्या सकाळी."

मंडपात गलका झाला. तातांनी हात वर केला. "मग फडकं का नाही बांधलंस?"

"चुकलो."

"कोणी थांबवलं तुला?"

मी त्याच्यापासून चार हातांवर बसलो होतो. तो माझ्याकडे बघेल असं वाटलं. त्यानं बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं, कदाचित मी उठलो असतो. तो म्हणाला, "फडकं माझ्या खांद्यावर होतं, तात. बांधायचं काम माझं होतं." आणि मी मूग गिळून बसलो. माझंही एक तळं गेलेलंच होतं, त्यामुळे लोक माझ्याकडे कळवळ्यानं बघत होते. एक जण तर म्हणाला, "राजूगारूंच्या सणाची पण माती केली रे यानं." मी मान डोलावली.

बाहेर पडताना मंगतायारुनं त्याला अडवलं. ती ओरडली नाही. म्हणाली, "पुन्हा माझ्या बांधावर पाय ठेवू नकोस." तळं आता तिचं राहिलं नव्हतं, पण बांध तिच्याच घरामागचा.

त्याला कोणी मारलं नाही, गावातून काढलं नाही. नुसतं बोलावणं बंद झालं. तो सायकलवर सुकी मासळी विकायला लागला. आणि फडकंही बंद झालं. बांधणार कोण, आणि बांधलं तरी मानणार कोण? पुन्हा जो तो गुपचूप काढायला आणि गुपचूप पाणी सोडायला लागला. तीन वर्षांत माझी तळी पार बिघडली. माशांच्या तळ्यातसुद्धा मी लोभानं कोळंबी टाकून पाहिली, तीही गेली. शेवटी लाज गुंडाळून भूषणमच्या दारात गेलो.

तो दारात बसून मासळी उलटीपालटी करत होता. मला बघून उठला, खाट झटकली, बायकोला ताक आणायला सांगितलं. मी म्हटलं, "भूषणम, परत ये. तुझ्यासारखं पाणी कोणाला कळत नाही."

"पाणी कळून काय करू, राजूगारू? ते अर्धंच काम. मी म्हणतो ते खरं असं लोकांना वाटायचं, ते बाकीचं अर्धं. ते तुम्ही आणून द्या, मी उद्या येतो."

"सांगतो," म्हटलं. "रविवारी बैठक आहे. सगळ्यांसमोर सांगतो."

"बरं," तो म्हणाला.

रविवारी मी बैठकीला गेलो. उठून उभाही राहिलो. आणि वीज किती वेळ जाते, चाकं बंद पडून कोळंबी कशी गुदमरते, यावर अर्धा तास बोललो. टाळ्या पडल्या. घरी येऊन जेवलो आणि झोपलो. त्यानंतर तो वाटेत भेटला की नमस्कार करायचा, "बरे आहात ना?" विचारायचा. त्या रविवारचं त्यानं कधीच विचारलं नाही. मला वाटलं, विसरला असेल. माणूस आपल्या सोयीनं काय काय समजून घेतो.

मागच्या श्रावणात तो गेला. ताप अंगावर काढला, तेच निमित्त. दहाव्याला मी गेलो होतो. त्याची बायको पैडम्मा, माझ्याशी कधी जास्त न बोलणारी, ती म्हणाली, "राजूगारू, एक विचारू? तीन-चार वर्षांमागं तुम्ही घरी आला होतात, त्यानंतरच्या रविवारी बैठक होती ना? यांनी सकाळी दाढी केली. धुतलेला सदरा घातला. ते सूक्ष्मदर्शक काढून त्याच्या काचा पुसल्या आणि बाहेर खाटेवर बसले. मी जेवायला हाक मारली तर म्हणाले, आत्ता कोणीतरी बोलवायला येईल, ताटावरून उठावं लागेल. संध्याकाळपर्यंत तसेच बसले होते. कोण येणार होतं?"

मी सांगितलं नाही तिला. धीर झाला नाही. तिथून उठलो तो सरळ मंगतायारुकडे गेलो, कारण वाटलं, आता आणखी एक दिवस गेला तर मी हेही गिळून टाकीन. ती आता कोळंबी सोलायच्या कारखान्यात जाते, संध्याकाळी परतते. ओट्यावर बसून बोटांना तेल चोळत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. भोगीची सकाळ, फडकं, त्याच्या मुलीच्या लग्नाचा टोमणा, टोपल्या, बैठक, रविवार. काही ठेवलं नाही. म्हटलं, शिव्या दे, वहिनी, थोबाडीत मार.

तिनं तेलाची वाटी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "माझ्या बांधावरून त्याच्या घरी जायला पाच मिनिटं लागायची. मी नको म्हटलं म्हणून सात वर्षं तो स्मशानाकडून वळसा घालून जायचा. पावसातसुद्धा. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन. मी इथं बसून बघायची, आणि मला बरं वाटायचं."

"वहिनी..."

"तुमचं सांगून झालं, भावजी. तुम्ही मोकळे झालात. आता मी कोणाला सांगू?"

ती उठून आत गेली. मी बराच वेळ तिच्या ओट्यावर बसून होतो, पण ती बाहेर आली नाही.